पाण्याला नंबर नसतो

जहाजं बुडवणं हा माझा धंदा आहे. गेली अकरा वर्षं मी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा खुर्चीत बसून जहाजं बुडवते आणि मग भाजी घेऊन घरी जाते. आमची कंपनी तीन माणसांची. एका चष्म्याच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या आहेत आणि तिथे आम्ही कॉम्प्युटरवर खेळायचे युद्धखेळ तयार करतो, तेही फक्त समुद्रावरचे. मालकाला आम्ही कप्तान म्हणतो. त्याला पोहता येत नाही. दुसरी आमची चित्रकारीण, जी लाटा, धूर आणि आगी काढते. उरलेली मी. गोळा तोफेतून सुटला की तो कुठे पडला, लागला का, लागला तर आत काय फुटलं, हे सगळं गणित माझं.

आमची गिऱ्हाइकं थोडी आहेत, पण जी आहेत ती चिवट आहेत. त्यातले सगळ्यात चिवट म्हणजे एक दातांचे डॉक्टर. हा माणूस आठवडाभर लोकांना तोंड उघडं ठेवायला लावून गप्प बसवतो आणि सुट्टीच्या दिवशी त्याची भरपाई आम्हाला पत्र लिहून करतो. त्या महिन्याचं पत्र चार पानांचं होतं. सार एवढंच होतं: 'तुमच्या खेळात शंभर गोळ्यांतले अकरा लागतात. खऱ्या लढायांत दिवसाउजेडी, कसलेले तोफची असूनही, शंभरात दोन-तीन लागले तरी खूप झालं. बाई, तुमचे गोळे फार शहाणे आहेत. त्यांना एवढी अक्कल कुठून आली, ते शोधा.'

मला राग आला. राग मला लवकर येतो, आणि समोरचा बरोबर असला की जरा जास्तच येतो. मी जुन्या लढायांचे आकडे काढून बसले. डॉक्टर बरोबर होते.

कप्तानने पत्र वाचलं आणि चहाचा कप खाली न ठेवता निकाल दिला. "अकराला चारने भाग आणि मोकळी हो. नवी आवृत्ती पुढच्या पंधरवड्यातल्या शुक्रवारी बाहेर जायची आहे."

"अकरा का येतात ते कळल्याशिवाय भागायचं?" मी म्हणाले. "म्हणजे घरात कुणाला ताप आला तर तुम्ही थर्मामीटर फ्रीजमध्ये ठेवणार."

"ताप उतरलेला दिसेल की नाही?" कप्तान म्हणाला.

त्याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. पण मी भागलं नाही, त्याला आणखी एक कारण होतं आणि ते मी ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. ते कारण घरी, माझ्या जेवणाच्या टेबलापाशी, खिशात मोजपट्टी घेऊन बसलेलं असायचं. ते म्हणजे माझे बाबा.

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. तेवीस वर्षांचे असताना ते आरमारात एका लहान लढाऊ बोटीवर होते. काम होतं अंतर वाचण्याचं. दीड माणूस लांबीची एक आडवी दुर्बीण असायची. तिच्या दोन टोकांतून दिसणारी दोन चित्रं एकमेकांवर बरोबर बसवायची आणि जो आकडा येईल तो ओरडून सांगायचा. तोफा त्या आकड्यावर लागायच्या. आयुष्यात बाबांनी एकच खरी लढाई पाहिली. धुक्याची सकाळ, शत्रूचं एक जहाज आणि आमच्या दोन बोटी. बाबांनी आकडा दिला सहा हजार दोनशे मीटर. तोच आकडा दिव्याच्या खुणांनी दुसऱ्या बोटीलाही कळवला गेला, कारण तिच्या दुर्बिणीवर पाणी उडत होतं. दोन्ही बोटींनी मिळून दोनशे बारा गोळे झाडले. एकही लागला नाही. शत्रूचं जहाज धुक्यात शिरलं ते शिरलंच, आणि दुसऱ्या दिवशी त्याने आमच्या बंदरातलं इंधनाचं कोठार पेटवलं. माणूस कुणी गेला नाही, पण तीन दिवस तो धूर दिसत होता आणि बाबांना तो अजून दिसतो.

कुणी त्यांना दोष दिला नाही. चौकशी झाली नाही, शिक्षा झाली नाही. त्यांनी स्वतःच सगळं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलं आणि त्या दिवसापासून डोळ्यांवरचा विश्वास काढून टाकला. आमच्या घरात पडदा शिवायचा असो की कपाट सरकवायचं असो, बाबा पट्टीने दोनदा मोजतात. बसस्टॉप किती लांब आहे असं पाहुण्यांनी विचारलं, तर "मला नका विचारू" म्हणतात आणि आईकडे बोट दाखवतात. आईला डावं-उजवंही कळत नाही.

दुसऱ्या बोटीवरचा अंतर वाचणारा बाबांचा जिवलग मित्र होता. प्रशिक्षणात दोघं एकाच खोलीत राहायचे. बाबा त्याला लंब्या म्हणायचे. तो लंब्या दरवर्षी त्या तारखेला फोन करतो आणि बाबा दरवर्षी आईला हाताने खुणावतात, झोपलोय म्हणून सांग. सकाळचे अकरा वाजलेले असतात. आई इमानाने सांगते, "झोपलेत हो," आणि मग स्वतःच अर्धा तास बोलत बसते. 'माझा आकडा घेऊन तोही चुकला, आता कुठल्या तोंडाने बोलू,' असं बाबा एकदाच म्हणाले होते, तेही मला नाही, आईला.

आणि यात मी काय भर घातली होती ते ऐका. तीन वर्षांपूर्वी बाबांच्या पंचाहत्तरीला मी त्यांची ती लढाई आमच्या खेळात हुबेहूब उभी केली. धुकं, बोटी, तोफा, सगळं. मला वाटलं, म्हातारा खूश होईल. केक कापल्यावर मी त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि लढाई सुरू केली. अठरा गोळे लागले. शत्रूचं जहाज वीस मिनिटांत तळाला गेलं. मी टाळ्या वाजवल्या. मी पुन्हा लावली, तर एकवीस लागले.

बाबा पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे. लागायलाच हवे होते." आणि उठून पडद्याचा दांडा सारखा करायला गेले, जो मुळात सरळच होता.

आई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि अशी बोलली की केकची चव गेली. "बावन्न वर्षं तो माणूस स्वतःला शिव्या देतोय," ती म्हणाली, "आणि तू मशीनकडून सही-शिक्का आणून दिलास." त्या दिवसापासून माझं गणित चुकलेलं असावं अशी मी देवाकडे प्रार्थना करत होते. असली प्रार्थना करणारी मी एकटीच प्रोग्रामर असेन. म्हणून डॉक्टरांचं पत्र आलं तेव्हा मला राग आला आणि त्याच्या मागोमाग मनात एक आशाही उठली. पण अकराला चारने भागून ती आशा पुरी होणार नव्हती. आकडे मी बाबांसाठी फिरवले असते, तर ते बाबांना पाच मिनिटांत कळलं असतं.

त्या मंगळवारी मी घरूनच काम करत होते. सहा जहाजांची एक लहानशी चकमक लावून मी एकेक गोळा तपासत होते. पडद्यावर शत्रूच्या जहाजाभोवती पाण्याचे खांब उसळत होते. तीन जहाजं एकाच लक्ष्यावर मारा करत होती. बाबा माझ्या मागून पेपर घ्यायला आले आणि थांबले. त्यांनी चष्मा लावला.

"हे पाणी उडालं, ते कुणाच्या गोळ्याचं?"

"मधल्या जहाजाचं," मी म्हणाले.

"मधल्या जहाजाला ते कसं कळलं?"

"म्हणजे?"

"तिघंही झाडतायत. पाणी तर सगळ्यांचं सारखंच. हे आपलं, हे शेजारच्याचं, असं मधल्याला कुणी सांगितलं?"

"अहो बाबा, प्रत्येक गोळ्याला आत नंबर असतो," मी जरा वैतागूनच म्हणाले. "कुठल्या जहाजाचा, कितवा. गोळा पडला की तो नंबर त्या पाण्याला लागतो. मग ज्याचा त्याला हिशेब कळतो."

बाबांनी पेपरची घडी घातली. "पाण्याला नंबर?"

"हो. प्रोग्राममध्ये प्रत्येक गोष्टीला नंबर..."

आणि वाक्य तिथेच सोडून मी चालती चकमक थांबवली.

झालं होतं ते असं. तोफा पहिल्याच फैरीत लागत नाहीत. गोळे पडतात, पाणी उसळतं, वर बसलेला टेहळ्या, लहान बोटीवर तो अंतर वाचणाराच असतो, ते बघतो आणि सांगतो, अलीकडे पडले, पलीकडे पडले. मग तोफा थोड्या वर-खाली करायच्या, पुन्हा झाडायचं. पाणी बघूनच नेम सुधारतो. माझ्या खेळातला टेहळ्याही तेच करत होता, फक्त तो स्वतःच्या जहाजाचा नंबर असलेलंच पाणी बघत होता. धुक्यात, सहा किलोमीटरवर, दहा-बारा सारख्या खांबांमधून तो आपले चार बरोबर वेचून काढत होता, आईने शाळेच्या फाटकात आपलं पोर ओळखावं तसं. अकरा वर्षं. मी रोज तो कोड वाचत होते आणि मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, कारण आमच्या धंद्यात नंबर नसलेली वस्तूच नसते.

"आम्हाला कुठे होते नंबर?" बाबा सहज म्हणाले आणि पेपर घेऊन गॅलरीत गेले. आपण काय बोलून गेलो ते त्यांना कळलं नव्हतं. मी आत जाऊन गार पाण्याने तोंड धुतलं आणि आरशात बघून स्वतःला दोन शिव्या दिल्या.

कप्तानला सांगितलं तर तो म्हणाला, "मग आता तीन जहाजांनी मिळून एकाला मारलं तर गोळे कमी लागणार? खेळणारे मला फाडून खातील. त्यांना वाटतं, जास्त तोफा म्हणजे जास्त मजा."

"खरं तसंच होतं."

"तुला कसं ठाऊक? तू लढाईवर कधी गेलीस?" मग त्याने डोळे बारीक केले. त्या पंचाहत्तरीच्या केकला तोही होता. "हे तू बाबांसाठी तर करत नाहीस ना?"

हा प्रश्न मला झोंबला, कारण तो वाईट नव्हता. मी म्हणाले, "रविवारी तळ्यावर या. तुम्ही आणि आपली चित्रकारीण, दोघंही. जुने कपडे घालून."

गावाबाहेर एक तळं आहे, गुडघाभर पाण्याचं. रविवारी सकाळी मी एक जुना प्लास्टिकचा टब तिथे पाण्यात सोडला आणि दोरीने बांधला. काठावर दोन झाडांना चादर बांधली. चादरीमागे उभं राहून दगड फेकायचे, टब दिसता कामा नये. बाजूला एक जण बसून सांगणार, अलीकडे की पलीकडे. दगड सगळे सारख्याच आकाराचे, बादलीभर. बाबांना मी फक्त एवढंच सांगितलं होतं, ऑफिसचा एक प्रयोग आहे आणि अंतर मोजायला कुणीतरी विश्वासाचं माणूस हवं आहे. ते पट्टी घेऊन पुढच्या सीटवर जाऊन बसले होते.

आधी कप्तान एकटा फेकायला उभा राहिला, आणि बाबा त्याला सांगायला बसले. पहिले पाच-सहा दगड कुठच्या कुठे गेले. मग बाबांचा आवाज लागला. "अलीकडे. अलीकडे. पलीकडे. किंचित अलीकडे." चाळीस दगडांत सहा टबात पडले. कप्तान लहान मुलासारखा नाचला. चित्रकारिणीने एकटीने फेकले, मी सांगितलं, चाळीसात पाच.

मग दोघांना एकाच वेळी उभं केलं. दोघांनी एकदम फेकायचं. कप्तानला बाबा सांगणार, चित्रकारिणीला मी.

दहा दगडांत तमाशा सुरू झाला. दोन ठिकाणी पाणी उडायचं, एक टबाच्या अलीकडे, एक पलीकडे. बाबा म्हणायचे, अलीकडे. मीही म्हणायचे, अलीकडे. मग दोघंही पुढे फेकायचे, म्हणजे ज्याचा आधीच पलीकडे गेला होता तो थेट समोरच्या काठावर. तिथे एक बाई कुत्र्याला फिरवत होत्या. त्या कुत्र्याला घेऊन निघून गेल्या.

"तो अलीकडचा माझा नव्हता!" चादरीमागून चित्रकारीण ओरडली.

"मग काय माझा होता?" कप्तान म्हणाला. "माझा हात बघ, एकसारखा आहे."

"हात राहू दे, डोळे तपासून घ्या. ऑफिसखाली दुकान आहेच."

"मला टब दिसत नाहीये, बाई! चादर आहे!"

हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. बाबाही हसत होते, तोंडावर हात धरून, खांदे हलवत. ऐंशी दगड संपले. टबात एक पडला होता, आणि तो कुणाचा यावर परतीच्या वाटेवर गाडीत भांडण चाललं होतं.

बाबा मात्र अर्ध्या वाटेवर हसायचे थांबले. मोजपट्टी हातात होती, ती ते उगाच थोडी बाहेर ओढत होते आणि पुन्हा आत सोडत होते. मला ठाऊक होतं, त्यांच्या डोक्यात ती धुक्याची सकाळ चालली होती.

सोमवारपासून मी कोडला हात घातला. पाण्याचे नंबर काढून टाकले. आता टेहळ्याला जेवढं दिसेल तेवढंच दिसणार, आणि दोन जहाजांचं पाणी एका वेळी उडालं तर तो गोंधळणार. माझ्या नाकी नऊ आले, कारण तो नंबर अकरा वर्षांत कोडमध्ये जागोजागी रुजला होता. एक उपटावा तर दुसरीकडे काहीतरी कोसळायचं. बुधवारी तर एका जहाजाने स्वतःवरच नेम धरला. पण बाबांची लढाई मी उघडली नाही. ठरवलंच होतं तसं. आधी डॉक्टरांकडून दुसऱ्या चौदा लढायांचे आकडे मागवले आणि सगळ्या लावून बघितल्या. कुठे दोन लागले शंभरात, कुठे तीन, कुठे साडेतीन. मग तो प्रोग्राम तसाच डॉक्टरांना पाठवला आणि सांगितलं, आता यातला एकही आकडा बदलणार नाही, तुम्हीच तपासा.

दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं, फक्त एका पानाचं. 'आता गोळ्यांची अक्कल ठिकाणावर आली. एक सांगतो. पुढे काही आरमारांनी याच गोंधळावर उपाय म्हणून गोळ्यांत रंग भरले. एका जहाजाचं पाणी लाल उडायचं, दुसऱ्याचं हिरवं. तेही घाला.'

ते वाचून चित्रकारीण खुर्चीतून उठलीच. तिने दुपारपर्यंत लाल, हिरवे, पिवळे, निळे खांब काढून दाखवले. कप्तानने चारही रंग पुन्हा पुन्हा उडवून पाहिले. "हे मजेदार आहे," तो शेवटी म्हणाला. "रंग घ्यायचा की नाही, ते खेळणाऱ्याने ठरवायचं. हे तर विकलं जाईल." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "घरी जा आता. आज तुझं इथे काही काम नाही."

घरी पोचले तेव्हा तीन वाजले होते. बाबा टेबलापाशी बसून रेडिओचं मागचं झाकण उघडत होते. मी कॉम्प्युटर त्यांच्यासमोर ठेवला.

"तुमची लढाई पुन्हा लावायची आहे," मी म्हणाले. "मी अजून बघितलेली नाही. तुम्हीच लावा."

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला नाही. "आकडे फिरवलेस माझ्यासाठी?"

"नाही."

"शपथ?"

"तुमची शपथ. दातांच्या डॉक्टरांना विचारा. तुमची लढाई सोडून चौदा लढायांवर तपासलंय. ही पंधरावी."

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. मग चष्मा पुसला आणि बटण दाबलं. मी सगळं पटापट चालेल असं लावलं होतं, एकामागून एक शंभर वेळा. पडद्यावर नुसते आकडे येत होते. शून्य. शून्य. एक. शून्य. दोन. शून्य. शून्य. शून्य. आई पदराला हात पुसत मागे येऊन उभी राहिली.

शंभर संपले. अठ्ठावन्न वेळा एकही गोळा लागला नव्हता.

"यात अंतर वाचणारा कसा धरलायस?" बाबांनी विचारलं.

"अचूक," मी म्हणाले. "तुम्ही चुकलातच नाहीत असं धरलंय. सहा हजार दोनशे म्हणजे बरोब्बर सहा हजार दोनशे."

"अचूक धरूनही अठ्ठावन्न?"

"अचूक धरूनही."

"आता चुकव," ते म्हणाले. "चांगला तीनशे मीटरने चुकव मला."

मी चुकवलं. पुन्हा शंभर. चौसष्ट वेळा शून्य.

"फक्त सहाचा फरक?"

"पहिल्या दोन फैरींनंतर तुमच्या आकड्याचं काम संपतं, बाबा. पुढचं सगळं पाण्यावर असतं."

त्यांनी टेबलावर बोटांनी ठेका धरला. त्यांना सवय आहे, विचार करताना. मग म्हणाले, "लंब्याची बोट काढ त्यातून. मी एकटा."

मी दुसरी बोट काढली. बाबांनी बटण दाबलं आणि आम्ही तिघं पडद्यावर वाकलो. तीन. दोन. चार. तीन. एक. तीन. शंभरात जेमतेम सहा वेळा शून्य आलं. निम्मे गोळे झाडून, एकट्या बोटीने बहुतेक वेळी दोन-तीन गोळे मारले होते.

बाबा मागे टेकले. मला वाटलं ते रडणार, आणि मी आधीच रडायला लागले होते. पण ते हसले. आधी नुसते खांदे हलले, तळ्यावर हलले होते तसे, मग चांगला मोठ्याने आवाज आला. "कप्तान आणि ती पोरगी!" ते म्हणाले. "चादरीमागची ती दोघं! अगं, आम्ही तेच होतो. मी आणि लंब्या." त्यांनी डोळे पुसले, चष्मा काढायचा विसरून. "मशीनला माझी दया येत नाही ना?"

"मशीनला कुणाचीच येत नाही. माझ्यावर गेलंय."

ते उठले. फोनपाशी गेले. मग थांबून इकडेतिकडे बघायला लागले, नंबर कुठे लिहिलाय म्हणून. आईने डायरी न बघता नंबर सांगितला. "बघताय काय असे?" ती म्हणाली. "इतकी वर्षं मीच बोलतेय त्याच्याशी. त्याच्या डाव्या गुडघ्याचं मला पहिल्यापासून सगळं पाठ आहे."

बाबांनी एकेक आकडा सावकाश दाबला. पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की टेबलापर्यंत ऐकू येत होता. तोफांजवळ राहिलेली माणसं हळू बोलत नाहीत.

"कोण?"

"मी," बाबा म्हणाले.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "आज झोपला नाहीस वाटतं?"

बाबांनी फोनची वायर मुठीत घट्ट धरली होती. "लंब्या," ते म्हणाले, "एक विचारायचं होतं. त्या दिवशी ते पाणी कुणाचं होतं रे? अलीकडचं?"

कुठलं पाणी, कुठला दिवस, असं लंब्याकाकांनी विचारलं नाही.

"मला काय माहीत?" पलीकडून आवाज आला, आणि आता तो तेवढा मोठा नव्हता. "मी तर तुझं समजून सोडून देत होतो. आणि पलीकडचं माझं समजून तोफा मागे घेत होतो. पंचावन्न वर्षं दर साली फोन करतोय, हेच सांगायला. तुझा आकडा बरोबर होता रे. घोळ मी घातला."

"तू नाही घातलास," बाबा म्हणाले. "थांब, सांगतो. बसलायस ना? गुडघा वर घेऊन बस."

मग त्यांनी आमच्याकडे पाठ केली आणि हाताने मला खूण केली, दार ओढून घे. मी दार ओढलं. आतून बाबांचा आवाज येत होता, "आता समज, एक टब आहे..."

आई बाहेर उभी राहिली, हातात रेडिओचं उघडं झाकण घेऊन. "चला," ती म्हणाली. "आता त्या गुडघ्याचं मला कोण सांगणार?"